ब्रह्मकमळाला कोणी आळशी म्हणत नाही

आमच्या घरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत आणि माणसांच्या आत चार. भिंतीवरची दोन्ही एकच वेळ दाखवतात. आतल्या चौघांचं मात्र एकमेकांशी बोलणं नाही. माझे वडील, म्हणजे अण्णा, पहाटे साडेचारला उठतात. सुट्टी असली की साधारण त्याच वेळी माझा मुलगा झोपायला निघालेला असतो. पॅसेजमध्ये दोघांची गाठ पडते. आजोबा विचारतात, "आज लवकर उठलास?" नातू विचारतो, "तुम्ही अजून जागेच?" मग दोघंही एकमेकांच्या तब्येतीची काळजी करत आपापल्या दिशेने जातात.

अण्णांचं उठणं हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. "मी अजिबात आवाज करत नाही," असं ते शपथेवर सांगतात आणि ते खरंच आहे. आवाज भांडी करतात, अण्णा त्यांना फक्त हात लावतात. गॅसचा लायटर आधी सात-आठ खटके घेतो. मग पातेलं, मग पातेल्यावर झाकण, मग ते झाकण हातातून निसटून ओट्यावरून फरशीवर. स्टीलचं झाकण फरशीवर पडलं की लगेच थांबत नाही. ते आधी विलंबित लयीत गरगरतं, मग द्रुत पकडतं आणि शेवटी तिहाई घेऊन समेवर येतं. त्यानंतरच्या शांततेत अण्णा मोठ्यांदा म्हणतात, "हळू!" हे ते झाकणाला म्हणतात.

साडेसहाला ते माझ्या दाराशी येतात. "जागा आहेस का रे?" या प्रश्नाला 'हो' म्हटलं तर उठावं लागतं आणि 'नाही' म्हटलं तर पकडले जातो.

"अण्णा, रात्री दीडपर्यंत काम करत होतो."

"रात्री कसलं काम? रात्री चोर काम करतात."

"आणि वॉचमन?"

"तो झोपतो."

यात अण्णांचा दोष नाही. आपल्याकडे पहाटे उठणं ही नुसती सवय नाही, तो चारित्र्याचा दाखला आहे. पाचला उठून दिवसभर पेपरातलं शब्दकोडं सोडवणारा माणूस शिस्तीचा आणि रात्री दोनपर्यंत राबून साडेआठला उठणारा ऐदी. स्थळाची माहिती देताना 'मुलगा निर्व्यसनी आहे, पहाटे उठतो' हे एका दमात सांगतात. 'निर्व्यसनी आहे, रात्री दोनपर्यंत छान जागतो' असं सांगून कोणाचं लग्न जमल्याचं ऐकिवात नाही. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो हे मलाही ठाऊक आहे. त्या मुहूर्तावर मी कित्येकदा जागा असतो. फक्त दुसऱ्या बाजूने आलेला असतो.

आणि हेच अण्णा रात्री नऊला सोफ्यावर, मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपतात. समोर मालिका चालू असते. रिमोटला हात लावला की डोळे न उघडता आवाज येतो, "बघतोय मी!"

"मग सांगा काय झालं."

"तिने दाराआडून सगळं ऐकलं."

उत्तर बरोबर असतं. मालिकेत रोज तेच होतं.

आमची बाल्कनी अण्णांची. तिथे कुंडीत 'ऑफिस टाइम' आहे. सकाळी दहाच्या सुमारास उमलतं म्हणून त्याचं नाव ऑफिस टाइम, आणि ढगाळ हवा असली तर ते त्या दिवशी सरळ दांडी मारतं. अण्णा त्याच्या कुंडीपाशी जाऊन कधी "जागा आहेस का रे?" विचारत नाहीत. शेजारी गुलबक्षी आहे. ती दुपारचे चार वाजून गेल्याशिवाय डोळे उघडत नाही. तिच्याबद्दलही तक्रार नाही. आणि कोपऱ्यात ब्रह्मकमळ. ते पावसाळ्यात एखाद्या रात्री नऊ-दहाच्या पुढे उमलायला लागतं, मध्यरात्री पूर्ण फुलतं आणि सकाळी मान टाकून बसतं. त्या रात्री अण्णा झोपत नाहीत. सगळ्या सोसायटीला निरोप जातो. फुलाला हळदकुंकू वाहिलं जातं, लोक मोबाइल घेऊन रांगेत उभे राहतात, मसाला दूध होतं. "काय तेज आहे बघा, आणि तेही मध्यरात्री!" असं अण्णा पाहुण्यांना भरल्या गळ्याने सांगतात. मीही रोज रात्री अकराला उमलतो. तेव्हा आतून आवाज येतो, "लाईट बंद कर, बिल येतं!"

स्वीडनच्या कार्ल लिनीअसने १७५१ साली फुलांच्या उमलण्या-मिटण्यावरून वेळ ओळखायचं एक घड्याळच मांडलं होतं. त्यात प्रत्येक फुलाला आपापली वेळ होती आणि एक फूल दुसऱ्याला उठवायला जात नव्हतं.

माझी बाजू मजबूत करायला मी विज्ञानाकडे वळलो. तिथे पहिल्या झटक्यात आमचं कुटुंब सापडलं. १९७१ साली अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर या दोघांनी, पिकल्या केळ्यांवर बसतात त्या चिलटांवर प्रयोग केले. एकाच जनुकात बिघाड करून त्यांना तीन तऱ्हांची चिलटं मिळाली. एकाचा दिवस १९ तासांत संपायचा, दुसऱ्याचा २८ तास चालायचा आणि तिसऱ्याला दिवस-रात्र हा प्रकारच कळत नव्हता. मी वाचून दाखवलं. पहिलं चिलट म्हणजे अण्णा, दुसरं म्हणजे चिरंजीव, यावर घरात लगेच एकमत झालं. तिसरं कोण, हे मी विचारायच्या आतच तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

याच जनुकाचा पुढे पिच्छा पुरवून शरीरातलं घड्याळ नेमकं कसं चालतं ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं. आता गंमत बघा. या नोबेलची घोषणा स्टॉकहोमला सकाळी साडेअकराला होते, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि विजेत्याला फोन त्याच्याही आधी जातो. म्हणजे झोपेचं घड्याळ ज्यांनी उलगडलं, त्यांच्यातल्या रोझबॅशना तरी ती बातमी झोपेतून उठवून सांगितली. एवढ्या पहाटे फोन वाजला की आमचे अण्णा उचलायच्या आधी विचारतात, "कोण गेलं?" रोझबॅशसाहेबांच्याही मनात आधी तेच आलं होतं, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

या घड्याळाचं मुख्य ठाणं मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं. सुमारे वीस हजार पेशींचा कारभार. पण माझ्या कामाची बातमी पुढे होती. बहुतेक माणसांच्या या घड्याळाचा दिवस २४ तासांचा नसतो. सरासरी दहा-बारा मिनिटं जास्तच असतो. रोज सकाळचा उजेड त्याला ढकलून जाग्यावर आणतो. म्हणजे माणूस हा प्राणी कारखान्यातूनच थोडा लेट निघालेला आहे! हे मी अत्यानंदाने बायकोला सांगितलं.

"दहा-बारा मिनिटं ना?" ती म्हणाली. "मग बाकीचे दोन तास कोणाचे?"

तेव्हा सुधारायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरचे काका रोज पर्वती चढतात आणि उतरल्यावर ते सगळ्या सोसायटीला कळवतात. "उद्यापासून या आमच्याबरोबर. साडेपाच. आयुष्य बदलेल." पहाटेच्या त्या प्रहरी शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं आणि गजर बंद करणारा हात जागा झाला तरी मेंदू बराच वेळ मागे रेंगाळत असतो. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की डावा बूट माझा आहे आणि उजव्यात पाय फारच मोकळा आहे. दाराशी दोन पिशव्या ठेवल्या होत्या. एकीत पाण्याची बाटली आणि नॅपकिन, दुसरीत ओला कचरा. जाता जाता एक पिशवी खालच्या डब्यात टाकली, दुसरी खांद्याला लावली आणि मुलाचा उजवा बूट फटफटवत पर्वती चढलो.

वर सगळे कठड्यावर टेकले. काकांनी पिशवीकडे पाहिलं. "पहिल्याच दिवशी खाऊ? काय आणलंत, उघडा की!"

उघडली. आत कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा आणि केळ्याची दोन सालं. कोणी काही बोललं नाही. मग एक आजोबा हळूच शेजारच्यांना म्हणाले, "हल्ली कसलं कसलं डाएट निघालंय."

घरी येऊन पाच मिनिटं टेकलो, तो साडेदहाला उठलो. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसातलं आयुष्य बरंच बदललं.

मग आपण कोण आहोत हे रीतसर ठरवावं म्हणून एक प्रश्नावली मिळवली. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांची १९७६ सालची, १९ प्रश्नांची. माणूस सकाळचा की रात्रीचा हे तिच्यावरून ठरवतात. मी माझी भरली आणि बायकोला प्रश्न वाचून दाखवला. "दिवसाची आखणी सर्वस्वी तुझ्या मर्जीवर असेल, तर तू किती वाजता उठशील?"

ती हसायला लागली. पोळी तव्यावर टाकून हसली, उलटून हसली, पुन्हा शेकून हसली.

"हसू नको, शास्त्रीय प्रश्न आहे. शरीर काय सांगतं ते लिहायचं."

"माझ्या शरीराला कोणी विचारलंय? सोसायटी पाणी साडेपाचला सोडते, म्हणून मी साडेपाचला उठते. उद्या तीनला सोडलं तर मी तीनची. रात्री दह्याला विरजण लावलं की झोपते. तुमच्या आत घड्याळं असतील, माझ्या आत नळ आहे."

प्रश्नावलीत सकाळचा, रात्रीचा आणि अधलामधला असे प्रकार आहेत. नळाचा प्रकार नाही. पुढचे प्रश्न मी विचारले नाहीत.

ऑफिसात मात्र मी लढलो. भारताची प्रमाण वेळ १९०६ साली सुरू झाली ती पूर्वेला साडेब्याऐंशी अंशांवर, मिर्झापूरच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरून. आमचा सूर्य त्या रेषेवर चालत नाही. मुंबईचा त्या रेषेपेक्षा ३९ मिनिटं मागे आहे आणि मुंबईकर इतके बाणेदार, की १९५५ पर्यंत त्यांनी आपली वेगळी 'मुंबई वेळ' सांभाळली. आमच्या पुण्याचा फरक साधारण ३५ मिनिटांचा. मी साहेबांना हे नकाशासकट समजावून सांगितलं.

"म्हणजे साहेब, घड्याळात पावणेअकरा वाजले असले तरी सूर्याच्या हिशेबाने मी दहा वाजून दहा मिनिटांनी आलोय."

साहेब शांतपणे म्हणाले, "हरकत नाही. संध्याकाळी पण सूर्याच्याच हिशेबाने निघा. ३५ मिनिटं उशिरा."

हेच साहेब मीटिंग दुपारी तीनला घेतात. दुपारी एक ते चारच्या दरम्यान माणसाच्या तरतरीला एक उतार लागतो. सगळे जेवणाला दोष देतात, पण उपाशी राहिलं तरी तो उतार येतोच. (एकादशीला हे तपासून बघता येत नाही, कारण त्या दिवशी आपण दुप्पट खातो.) पुण्यातल्या दुकानदारांनी हे शास्त्र छापून यायच्या आधीच ओळखलं आणि शटर खाली ओढलं, तर लोकांनी त्यांच्यावर विनोद करून पिढ्या काढल्या. ऑफिसात शटर नसतं. तिथे त्याच वेळी पडदे ओढतात, दिवे मालवतात, एसी वाढवतात आणि एक मनुष्य एका सुरात तक्ते वाचून दाखवायला लागतो. अंगाईगीतात याहून वेगळं काय करतात? मी डोळे उघडे ठेवून झोपायची कला साधली आहे. एकदा साहेबांचा आवाज कानावर आला, "...तुम्हाला काय वाटतं?" मी ठासून म्हणालो, "अगदी बरोबर, मी तयार आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्न होता, रविवारी ऑफिस उघडायला कोण येईल?

घरात माझा एकच पाठीराखा, चिरंजीव. तो अकरावीत आहे आणि त्याचं कॉलेज सकाळी सातला भरतं. वयात येताना मुलांचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्या रक्तात रात्री उशिरा उतरतं. हे त्याने पाठ केलंय. अभ्यासक्रमातलं तेवढंच.

"आजोबा, माझं मेलाटोनिनच उशिरा सुटतं."

"मग तू लवकर घराबाहेर पड, म्हणजे तेही लवकर सुटेल."

२०२४ साली राज्य सरकारने मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू उत्तम. पण सहा-सात वर्षांचं पोर रविवारी सहाला आपण होऊन उठतं आणि बापाच्या पोटावर उडी मारतं, हे कोणत्याही बापाला विचारा. ज्याला नऊलाही उठवत नाही तो सोळा वर्षांचा घोडा मात्र अजून सात वाजताच वर्गात बसून फळ्याकडे बघत असतो. दिसत काही नसतं, बघत असतो.

हे असं का होतं याचा उलगडा मला आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने केला. सभा रविवारी सकाळी साडेसातला असते. अण्णा आणि वरचे काका पहिल्या रांगेत आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून बसलेले असतात. पाणी साडेपाचला सोडायचं, हा ठराव तिथेच झाला. एकमताने. रात्री दहानंतर लिफ्टजवळ बोलायचं नाही, हाही एकमताने. पहाटे साडेचारला झाकणं पाडायची नाहीत असा ठराव कोणी मांडला नाही, कारण तो मांडणारे सगळे त्या वेळी झोपले होते. शाळांच्या वेळा, ऑफिसच्या वेळा, मुहूर्त, म्हणी आणि सुविचार हे सगळं याच मंडळींनी सकाळी सकाळी उरकून टाकलेलं असणार. आम्ही डोळे चोळत पोहोचलो तेव्हा इतिवृत्तावर सह्या चालू होत्या.

वैतागून मी गुहेत जायचा विचार केला. फ्रान्सच्या मिशेल सिफ्रने १९६२ साली ते केलंय. घड्याळ न घेता तो जमिनीखालच्या गुहेत जवळपास दोन महिने राहिला. मुदत संपल्याचं त्याला सांगितलं तेव्हा बाहेर १४ सप्टेंबर होता आणि त्याच्या हिशेबाने अजून २० ऑगस्टच चालला होता. पंचवीस दिवस गुपचूप खिशात! मदुराईच्या कामराज विद्यापीठातही डॉ. एम. के. चंद्रशेखरन यांनी अशी बंद खोली उभारली होती. तिथे घड्याळ, पेपर, खिडकी काही नाही. माणूस वाटेल तेव्हा झोपतो, वाटेल तेव्हा उठतो. मला हा स्वर्ग वाटला. अण्णांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "मला ठेवा तिथे. मी बरोबर साडेचारला उठतो की नाही बघा." मग माझ्या लक्षात आलं की त्या खोलीतही स्वयंपाकघर असणार, आणि स्वयंपाकघरात झाकणं.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा ठरला. कोणता, यासाठी चौघांनी एकत्र बसणं आलं. चौघंही पूर्ण जागे असतात अशी वेळ काढली, तर ती निघाली संध्याकाळी सात ते साडेआठ. त्यात अण्णांच्या दोन मालिका, मुलाचा क्लास, बायकोचा स्वयंपाक आणि माझे ऑफिसचे फोन. शेवटी चर्चा व्हॉट्सअॅपवर न्यायचं ठरलं. पहाटे चार चाळीसला अण्णांनी उगवत्या सूर्याचं चित्र टाकून खाली लिहिलं, 'सुप्रभात. पोपटी.' दुपारी एकला, डबा खाताना, बायकोने लिहिलं, 'फिकट पिवळा. पोपटी अजिबात नको.' रात्री साडेबाराला मी राखाडी रंगाच्या बाजूने पाच परिच्छेद लिहिले. ते माझं त्या वर्षातलं सर्वोत्कृष्ट लिखाण होतं. तीन वाजता मुलाने अंगठा दाखवला. कोणाला, ते कळलं नाही.

चर्चा रंगात आली असतानाच बायको दोन दिवस माहेरी गेली. तिथे चोवीस तास पाणी असतं. ती नऊपर्यंत झोपते असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मला प्रश्नावलीतला तो पहिला प्रश्न आठवला.

त्याच रविवारी मी उठून हॉलमध्ये आलो तर रंगारी दुसरा चहा घेत होता आणि समोरच्या मोठ्या भिंतीवर पहिला हात मारून झाला होता. पोपटी.

"अण्णा, हे कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. पाचला याला फोन केला, सहाला आला. तुम्हा दोघांच्या दाराशी जाऊन विचारलंसुद्धा. कोणी 'नको' म्हणालं नाही."

"आम्ही झोपलो होतो!"

"तेच म्हणतोय. विरोध नव्हता."

रंगाऱ्याने मान डोलावली. तोही पहाटे उठणारा निघाला. मुलगा साडेअकराला बाहेर आला, भिंतीकडे बघून "छान आहे" म्हणाला आणि पुन्हा आत गेला. बायको परतली तेव्हा डबे संपले होते आणि पैसे देऊन झाले होते. रंगाबद्दल तिला एवढंच म्हणायचं होतं की दिवसा ठीक आहे, सकाळच्या उन्हात तर बराच सुसह्य वाटतो. असेल. मी तो सकाळच्या उन्हात अजून पाहिलेला नाही. रात्री अकरानंतर, मी ऐन भरात असताना, फारच उठून दिसतो.